कै. सुधाकर काका

मंगळवार, दारव्हा

डोकं अजून तापलेलंच आहे. घराण्याच्या वंशावळीचं वेबपेज मी फुकटात बनवून दिलं, अन् आज सुधाकर काकांनी फोनवर मलेच झापलं. "काहून वं, जित्त्या माणसाले मारते काय?"

चूक माझीच. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आपोआप 'कै.' लागावं, एवढंच करायचं होतं. पण यादीच्या आत यादी आहे. आजोबांच्या आत काका, काकांच्या आत त्यांची पोरं. कोणत्या नावाले 'कै.' लावायचं ते सांगणाऱ्या ओळीत, म्हणजे सिलेक्टरमध्ये, 'फक्त याच नावाले' असं सांगणारं > हे चिन्ह टाकायचं सोडून मी नुसती मोकळी जागा ठेवली. मग आजोबांसोबत त्यांच्या आतले सगळेच 'कै.' झाले. परवा बारसं झालेला नातूसुद्धा!

चिन्ह टाकलं, दोन मिनिटांत सगळे जिते. तरी काका बोलूनच राह्यले. बोरी अरबच्या सोयऱ्यानं फोन करून तेरवी कधी आहे विचारलं म्हणे. एक घंटा 'कै.' राहिले, तं केवढा अपमान!

मग सगळी नावं पुन्हा तपासली. आई कुठंच नाही. मीही नाही. यादी काकांनीच दिली होती. तवा विचारलं तं म्हणाले, "वंशावळीत बायापोरी नसतात." अन् मी गप राहिली. कायले गप राहिली मी?

आईले जाऊन चार वर्षं झाली. माझी चूक साऱ्या घराण्याले लागली, पण तिले 'कै.' लागलं नाही. त्याच्यासाठी आधी नाव असावं लागते.