चपलेचा आवाज

ती. बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे? ताई येऊन जाते ना?

एक सांगतो, हसू नका. दुपारी सगळे जेवायला गेले की लाँड्रीत मी एकटाच इस्त्री करत असतो. तेव्हा मागून कुणीतरी चप्पल घासत येतं. आई डावा पाय ओढत चालायची, अगदी तसं. मी वळलो की आवाज थांबतो, म्हणून आताशा वळतच नाही.

तिला शेवटचं पोचवायला मला येता आलं नाही, म्हणून तीच आली असेल.

तिकडे येते का ती? येत नसेल तर कळवा. मी तिला सांगेन, माझं मी बघतो, तू बाबांकडे जा.

तुमचा,
धाकटा