दोन बायकांची हमी

३ तारीख, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. जावईबापू म्हणाले, आई, घर चालवायचं तर नोंद ठेवा. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. पण वाचणारी मीच, तर कुणाच्या बापाचं काय जातं.

घर म्हणजे राहतं घर नव्हे. जावईबापूंनी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी एक काळा डबा बसवलाय. हिरवा दिवा लागतो. शर्टाच्या कारखान्यातल्या आम्हा बायकांचा जुना ग्रुप होता, त्यात सुपरवायझर घुसून बसलेला. कुणी लिहिलं पोट दुखतंय, की दुसऱ्या दिवशी हा विचारणार, काल लग्नात जेवलात ते बाधलं का. म्हणून ही वेगळी सोय. जावईबापूंनी समजावलं, यात कुणी एक मालक नसतो. ज्याला हवं त्यानं आपला डबा ठेवायचा, ते त्याचं घर. एका घरातून दुसऱ्या घरात जायला वाटा असतात. मग सगळ्यांनी मिळून एक खोली करायची, कुठल्याही घरची बाई तिथं येऊन बोलू शकते. सगळं एकमेकींच्या विश्वासावर.

मालक नसतो म्हणे. डबा माझ्या ओट्यावर, वीजबिल माझ्या नावावर. मग मालक कोण?

खोलीत खुर्ची एकच, माझी. भांडणाऱ्या बाईला गप्प करायचं, ऐकलं नाही तर बाहेर काढायचं. हे काम मी इस्त्रीच्या टेबलावरून इतकी वर्षं फुकटच करतेय.

निश्चय: भेदभाव करायचा नाही. रागात बटण दाबायचं नाही.

५ तारीख

सगळ्या आल्या. बहुतेकींनी माझ्याच घरात नाव घातलं. पहिला मेसेज बटणवालीचा, शाब्बास गं. यायलाच पाहिजे. मी कामाला लागले तेव्हापासून ती खिडकीशी बटणं लावते आणि मी समोर इस्त्री करते. जेवायला शेजारी. तिची भाजी मी खाते, माझी ती टाकून देते, इतकी जवळीक.

दिवसभर फोनवर लक्ष ठेवलं. एक कॉलर पिवळी झाली. कापडच हलकं होतं.

हे म्हणाले, डबा छान गरम होतो, वर मोजे वाळवू का. वाळवा म्हटलं.

८ तारीख

कॉलरच्या मशीनवर नवी बाई आलीय, दुसऱ्या कारखान्यातून. बसा ना ताई, दमलात का ताई, पाणी देऊ का ताई. माझ्याहून चार वर्षांनी तरी मोठी असेल, आणि ताई कुणाला म्हणते. मी तिचं नाव साखर ठेवलं. तिचं स्वतःचं घर आहे म्हणे, भाऊ चालवतो. तिथूनच आमच्या खोलीत आली.

जेवायला बटणवालीनं तिला जागा दिली. आमच्या दोघींच्या मध्ये. मी सरकले नाही. तरी ती मावली.

१० तारीख

साखरेनं सुपरवायझरच्या चालण्यावर काहीतरी लिहिलं. बटणवालीनं खाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं टाकली. तेच चालणं मी मागच्या वर्षी चालून दाखवलं होतं, तेव्हा म्हणाली, हळू, तो येईल.

माझ्या मेसेजला अंगठा. अंगठा काय, बँकेतही लावतात.

नवा नियम केला: सकाळी फुलांची चित्रं पाठवायची नाहीत, जागा भरते. साखरेला एक दिवस गप्प केलं. एकच फूल होतं, पण मोठं होतं. यात जळण्याबिळण्याचा संबंध नाही.

१२ तारीख

बटणवालीनं विचारलं, तिला तू गप्प केलंस का. मी म्हटलं, डबा करतो आपोआप. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. तिला लांबचं धूसर दिसतं, म्हणून बघत असेल. मी कधीची सांगतेय, चष्मा कर, मी येते सोबत.

१४ तारीख, शुक्रवार

विचार केला, मैत्रीत खर्च करावा लागतो. बटणवालीला खुर्ची दिली. माझ्या बरोबरीची. जावईबापू फोनवर म्हणाले, आई, जपून. जिला बरोबरीनं बसवाल तिला मग तुम्हाला उतरवता येत नाही. ती आपण होऊन उतरली तरच. मी म्हटलं, जावईबापू, माझ्या मुलीबद्दल काय सांगायचं ते सांगा, हिच्याबद्दल नको.

डब्यानं विचारलं, नक्की? मी हो दाबलं. प्रत्येक गोष्टीत विचारतो, नव्या सुनेसारखा.

आता साखरेला कळेल कोण कुणाची.

१५ तारीख

सकाळी साखरेनं पुन्हा फूल पाठवलं, तिला परत गप्प केलं. खुर्चीवर बसून बटणवालीनं पहिलं काम काय केलं? साखरेचं तोंड उघडलं. वर लिहिलं, फूल छान होतं.

कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणतात. ही तर कानामागून येऊन गोड झाली. त्याला औषध नाही.

१७ तारीख

औषध सापडलं. हमी. नव्या बाईला दोन जुन्या बायकांनी हमी दिल्याशिवाय खोलीत बोलता येणार नाही, नुसतं वाचायचं. हमी लिहून द्यायची. शब्द मी स्वतः बसवले: ही बाई भांडणार नाही, फुगणार नाही, टोचून बोलणार नाही, याची जबाबदारी माझी. ती चुकली तर तिच्यासोबत मीही महिनाभर बाहेर.

एवढी जोखीम परक्या बाईसाठी कोण घेतं?

सगळ्यांना नियम आवडला. साखर तर म्हणाली, फार विचार केलात हो ताई. मी फोन टेबलावर ठेवतेय तोवर बटणवालीनं तिची हमी लिहिली. मागोमाग काजवालीनं. इतक्या वेळात इस्त्रीसुद्धा तापत नाही.

असो. नियम चांगला आहे, राहू दे. पुढे उपयोगी पडेल.

२० तारीख, गुरुवार

बटणवालीनं चष्मा केला.

कसं कळलं, तर खोलीत फोटो आला. दुकानाच्या आरशात दोघी. ही नवा चष्मा लावून हसतेय, शेजारी साखर. साखरेनं आपली सुट्टी बदलून घेतली आणि हिला घेऊन गेली. सगळ्या लिहितायत छान, छान, छान.

मी सोबत येणार होते. मी तीन वर्षं येणार होते.

फ्रेम बरी नाही.

मी खोलीत लिहिलं, माझी इथं गरज दिसत नाही, मी खुर्ची सोडते. डबा म्हणाला, परत मिळणार नाही, नक्की? दाबलं हो. जरा हादरू दे सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत पाया पडत येतील.

काजवालीनं लिहिलं, बरं. साखरेनं लिहिलं, विश्रांती घ्या ताई. बटणवालीनं अंगठा.

२१ तारीख

हे कामावर गेले, मोजे वाळत होते, मी एकटीच होते. डब्याची वायर ओढली. सरळ. हिरवा दिवा विझला.

घरच नाही तर खोली कुठली? बसा आता भिंतीला तोंड लावून.

संध्याकाळी हे म्हणाले, मोजे ओलेच आहेत. मी म्हटलं, मोठी कामं चालतात तेव्हा मोज्यांचं बघत नाहीत.

२२ तारीख

फोन शांत. एकीचाही मेसेज नाही. धडा बसला.

२४ तारीख

अजून शांत. कारखान्यात सगळ्या हसून बोलतात. पण ओढूनताणून, मला कळतं. बोलायला जागा राहिली नाही की माणूस असं मोठ्यानं हसतं. साखर म्हणाली, बऱ्या आहात ना ताई. आवाजात भीती होती.

बटणवाली चष्म्यातून बघत होती. आता तिला सगळं नीट दिसत असेल.

२५ तारीख, मंगळवार

आज कारखाना तासभर लवकर सुरू झाला. सगळ्या वेळेवर हजर. मी एकटी उशिरा. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. मला कुणी सांगितलंच नव्हतं. यांना कसं कळलं? खोली बंद, जुना ग्रुप तर कधीचा बंद. मनकवड्या झाल्यात की काय.

२६ तारीख

धागे कापणाऱ्या लेकुरवाळीला पकडलं, चार मुलांची आई, तिला खोटं बोलायला वेळ नसतो. लवकर यायचं तुला कुणी सांगितलं? म्हणाली, खोलीत आलं होतं की. कुठल्या खोलीत? म्हणाली, खोलीत. मी म्हटलं, खोली बंद आहे. म्हणाली, तुमच्याकडे असेल हो.

जावईबापूंना बोलावलं. म्हणाले, आई, खोली एका घरात नसते. ज्या ज्या घरची बाई आत बसलीय त्या त्या घरात अख्खी खोली असते. एक घर बुडालं तरी बाकीची चालतात. त्यासाठीच तर ही पद्धत. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं. हे मधेच म्हणाले, सांगितलं होतं, मी मोजे घालताना ऐकलं. यांना बोलायला नेमकी हीच वेळ सापडते.

माझ्या घरातल्या बायकांचं काय झालं? दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी साखरेच्या घरात नावं घातली. बटणवालीनं तर चष्म्याच्या दिवशीच तिथं दुसरं नाव घालून त्याला आपली खुर्ची दिली होती, आणि बाकीच्यांची हमी तिनं आणि साखरेनं लिहिली.

शिवाय वायर ओढल्यामुळे माझ्या डब्याचं पोट बिघडलंय. माझं नाव त्यातच गेलं. नवं नाव घालावं लागेल, कुठल्या तरी चालत्या घरात. जावईबापूंनी खाली बघत विचारलं, कुठं घालू?

त्यांना दुसरं घर माहीत नव्हतं. घातलं.

साखरेच्या भावाचा लगेच मेसेज, या ताई, आपलंच घर आहे. गोडवा घराण्यातच आहे.

संध्याकाळी खोलीत गेले. आधीचं सगळं वाचता येतं. लिहायला गेले तर तिथल्या डब्यानं अडवलं: नवीन बाई, दोन हमी बाकी.

मी नवीन बाई.

मग बसून वाचलं. मी नसताना काय काय बोलल्या ते. माझ्याविषयी एकदाच निघालं होतं. साखरेनं विचारलं, ताईंचं घर बंद दिसतंय, बऱ्या आहेत ना? बटणवालीनं लिहिलं, बरी आहे, फुगलीय. त्यापुढे कॉलरच्या मापाचं.

फुगलीय. इतकंच. पण मी बरी आहे हे तिलाच माहीत होतं, हेही खरं.

२७ तारीख

सकाळी एक हमी आली. साखरेची. पूर्ण वाक्य लिहिलंय, भांडणार नाही, फुगणार नाही, टोचून बोलणार नाही, याची जबाबदारी माझी. मूर्ख बाई आहे.

दुसरी बटणवाली देणारच. तिला कामातून फुरसत नसेल.

काजवालीला सहज म्हटलं, तू दिलीस तरी चालेल. म्हणाली, दिली असती हो, पण महिनाभर बाहेर राहायची अट आहे ना, मला जमणार नाही. मी म्हटलं, असली अट घालतं कोण. म्हणाली, तुम्ही.

२८ तारीख

नेट ठीक आहे. जावईबापूंना विचारलं. दुसरी हमी आलेली नाही.

जेवायला साखरेला पाणी आणायला पाठवलं, आणि बटणवालीला स्पष्ट विचारलं. माझी हमी का देत नाहीस? म्हणाली, काय लिहिलंयस तू त्यात, तूच वाच. मी म्हटलं, मीच लिहिलंय, मला काय वाचायचंय. तर म्हणाली, भांडणार नाही, फुगणार नाही, टोचून बोलणार नाही. अगं, हे मी तुझ्याबद्दल कसं लिहू? साखर तुला ओळखत नाही म्हणून तिनं लिहिलं. मी ओळखते.

मी म्हटलं, मग खुर्चीवर आहेस ना, दाब बटण आणि उघड माझं तोंड. तिचं उघडलंस तसं. म्हणाली, तेव्हा हमीचा नियम नव्हता. आता आहे. उगाच बटण दाबलं तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला.

चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग माझ्या डब्यातली भाजी घेतली आणि टाकून न देता खाल्ली. म्हणाली, मीठ कमी आहे.

साखर पाणी घेऊन आली. मी जरा सरकले. पाय अवघडला होता.

२९ तारीख, शनिवार

नीट विचार केला. साखरेची हमी हिनं लगेच दिली. म्हणजे साखरेला ओळखत नाही. माझी देत नाही. इतक्या वर्षांत मला आतबाहेर ओळखून बसलीय म्हणून देत नाही. मग जवळची कोण? सरळ हिशेब आहे. मी जिंकले.

संध्याकाळी खोली वाचली. बटणवालीनं आपला एकटीचा फोटो टाकलाय, चष्मा लावून. फ्रेम तशी वाईट नाही. तिच्या नाकाला शोभते. तेवढंच लिहायचं होतं. लिहिलं. डबा म्हणाला, एक हमी बाकी.

निश्चय: उद्या लवकर जाऊन तोंडावर सांगायचं.

उद्या रविवार.