गाल तिचा, हात मावशीचा

५ फेब्रुवारी

काल पारितोषिकांचा सोहळा टीव्हीवर पाहिला. उत्कृष्ट अभिनेत्री कोण, तर तुरुंगाच्या सिनेमातली नायिका. कशाबद्दल? थप्पड खाल्ल्याबद्दल! मोठ्या पडद्यावर तोच प्रसंग दाखवला. तुरुंगाचं न्हाणीघर, ओली फरशी. कैदी बायकांची म्होरकी येते आणि नायिकेच्या कानाखाली जाळ काढते. नायिका बादलीवर आपटते, ओठातून रक्त, डोळे विस्फारलेले. सगळं सभागृह उभं राहिलं. परीक्षक म्हणाले, अपमानाचा इतका अस्सल क्षण पडद्यावर क्वचित दिसतो.

ती म्होरकी म्हणजे माझी मावशी. सख्खी. पडद्यावर तिचा हात कोपरापर्यंत आणि तोंड अर्धा सेकंद दिसलं. नायिकेने दिग्दर्शकाचे, मेकअपवाल्याचे आणि स्वतःच्या कुत्र्याचे आभार मानले. हाताचे नाही.

टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. मग थप्पड एका गालाने कशी वाजेल?

संतापाने उशी फेकली. टीव्हीला मारली होती, आईला लागली. आईने तीच उशी मला दोनदा मारली.

मावशी गुडघ्याला मलम चोळत होती. चॅनल बदल, एवढंच म्हणाली. कलावंताची जखम अशीच मुकी असते.

संकल्प: मावशीला न्याय मिळवून देणे. घरातली पहिली पदवीधर म्हणून हे माझं कर्तव्य आहे. नोकरीचे अर्ज पुढच्या आठवड्यापासून.

७ फेब्रुवारी

मावशीच्या कलेचा पद्धतशीर अभ्यास सुरू. इतकी वर्षं मी तिच्याकडे नुसती मावशी म्हणून पाहिलं, याची लाज वाटली.

ती सिनेमात फायटर आहे. मारामारीत ज्या बायका मारतात आणि मरतात, त्या ती करते. सेटवर तिला दणका म्हणतात. परवा तिला जिन्यावरून ढकललं, काल कुऱ्हाडीने तोडलं. पुढच्या आठवड्यात बाहेरगावी नेऊन जाळणार आहेत, म्हणून आत्ताच बॅग भरतेय.

संध्याकाळी मुलाखत घेतली. विचारलं, थप्पड मारताना तुझ्या मनात काय असतं? म्हणाली, अंतर. मी ताबडतोब लिहून घेतलं: माणसामाणसातलं अंतर. मग कळलं, अंतर म्हणजे तळहात आणि गाल यांच्यातलं. चार बोटं राहिलंच पाहिजे. हात तोंडासमोरून जातो, खाणारीने त्याच क्षणी मान झटकायची, आवाज नंतर भरतात. हात लागला तर चूक कुणाचीही असो, कार्ड मारणाऱ्याचं जातं. फायटरांच्या संघटनेचं कार्ड. ते गेलं की सेटच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

मी म्हणाले, हे झालं तंत्र. आत्म्याचं काय? म्हणाली, आत्मा गेला तरी शिफ्ट करता येते, कार्ड गेलं तर नाही.

काय हा विनय!

१० फेब्रुवारी, दुपार

प्रचंड मोठा शोध!!

तो प्रसंग फोनवर हळू करून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. चार बोटं नाही, एक बोटसुद्धा अंतर नाही. हात लागलाय. पुढच्या शॉटमध्ये गालावर बोटं उमटलेली. त्याच्या पुढच्यातही. म्हणजे मावशीने भूमिकेसाठी ते अंतर मिटवलं. सगळे नियम झुगारून!

आणि थप्पड मारल्यानंतरचे तिचे डोळे. पापणी हलत नाही. नाकपुड्या फुललेल्या. शतकानुशतकांचं क्रौर्य त्या अर्ध्या सेकंदात उभं आहे. अंगावर काटा आला.

आईला दाखवलं. आई म्हणाली, गॅस चालू ठेवून बाहेर पडल्याचं आठवलं की ही अशीच दिसते.

आईला सिनेमा कळत नाही.

१२ फेब्रुवारी

मावशीला सांगितलं की मला सगळं कळलंय, तू खरोखर मारलीस. तिच्या हातातलं ताट पडलं. माझा दंड धरून फरफटत मोरीत नेलं, नळ पूर्ण सोडला आणि कानाशी येऊन म्हणाली, हे कुणापुढे बोललीस तर जीभ उपटून तुझ्याच हातात देईन.

मग जरा शांत झाली. म्हणाली, हिरॉइनबाईंनी तेव्हा तक्रार केली नाही. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक सिनेमात मी असते. एकात त्यांचा गळा आवळते, एकात त्यांना विहिरीत ढकलते. त्यांचं बरं चाललंय, माझंही बरं चाललंय. तुझी फीही त्यातूनच गेली. आता मध्ये तोंड घालू नकोस.

दंडावर निळे डाग पडलेत. केवढी ताकद!

विचार केला. म्हणजे एका श्रेष्ठ अभिनेत्रीला कामाचे तुकडे टाकून गप्प बसवलंय. आणि तिला ते बरं वाटतं. हेच तर शोषण. तिसऱ्या वर्षाला होतं आम्हाला.

१५ फेब्रुवारी, सकाळ

व्हिडिओ तयार. शीर्षक: खरी अभिनेत्री कोण? गालावरच्या बोटांभोवती लाल वर्तुळ, मावशीच्या डोळ्यांकडे बाण, निवेदन माझं स्वतःचं. मावशी जळायला गेली आहे, दोन दिवस फोन लागणार नाही. परवानगी राहिली. पण मूर्तिकार दगडाची परवानगी घेतो का?

टाकला.

संध्याकाळ

अकरा जणांनी पाहिला. त्यातली निम्मी मीच.

१७ फेब्रुवारी

लाखाच्या वर!! कुणा सिनेमावेड्याने उचलला आणि वणवा पेटला. प्रतिक्रिया वाचून डोळे दुखले. नायिकेने अभिनय केलाच नाही, नुसता मार खाल्ला. पारितोषिक परत घ्या. ही म्होरकी कोण? हिला अटक करा. हिचे हात तोडा.

हात तोडा म्हणणारा माणूसही शेवटी भूमिकेत गुंतलेलाच आहे. ही मोठी दाद आहे.

१८ फेब्रुवारी

मावशी परतली. भुवया जळालेल्या. त्या शूटिंगमध्ये. बाकीची आग घरी आल्यावर.

भिंतीवरची माझी फ्रेम केलेली पदवी काढली आणि माझ्या डोक्यात घातली. आईने आधी काचा गोळा केल्या, मग मला. दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, कशाने लागलं? मी म्हणाले, बी.ए.ने.

पदवीला ओरखडाही नाही.

मावशीचा राग क्षणिक आहे. मोठ्या सन्मानापूर्वी माणूस बिथरतो.

२० फेब्रुवारी

नायिकेचे चाहते आले. सात-आठ दांडगे पोरगे, हातात दगड. स्वयंपाकघराची काच फुटली, एक दगड थेट पातेल्यात. आई ओरडली, निदान जेवण होईपर्यंत तरी थांबा!

मावशी फरशी पुसायचा वायपर घेऊन खाली उतरली. आज तिने कुणाशीच चार बोटं अंतर ठेवलं नाही. पहिल्याचा दात गेला. दुसऱ्याचं मनगट असं वाजलं की मला वर ऐकू आलं. तिसऱ्याला केसांना धरून कचऱ्याच्या डब्यात उलटा उभा केला. चौथा पळता पळता सायकलवर पडला, मग सायकल त्याच्यावर पडली, मग मावशी सायकलवर. वायपर मोडल्यावर तिने उरलेला दांडा वापरला. एक जण फरशीवर रक्त थुंकत म्हणाला, अरे ही सिनेमातल्यासारखीच मारते रे!

समीक्षा असावी तर अशी.

खिडकीतून सगळं शूट केलं. उजेड छान होता. लगेच टाकलं. परीक्षकांना आता तरी तिचा आवाका दिसेल.

२१ फेब्रुवारी

पोलीस आले. पुरावा: माझा व्हिडिओ. मावशीला चौकीवर नेलं, जबाब घेतला, दमात घेतलं आणि संध्याकाळी सोडलं. इन्स्पेक्टर मला म्हणाले, फार स्वच्छ शूट केलंय ताई तुम्ही, एकेक दणका मोजता येतो. कौतुक ऐकून बरं वाटलं. पण आई शेजारी उभी होती, म्हणून हसले नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. माझं ताट मात्र जोरात आपटते, त्यावरून जेवण झालंय हे कळतं.

२४ फेब्रुवारी

फाइट मास्तर घरी आले. मावशीला या धंद्यात त्यांनीच आणलं. उद्या संघटनेची सभा आहे, विषय मावशीचं कार्ड. मास्तर मावशीला म्हणाले, ही तुझीच भाची ना? मावशी म्हणाली, बहिणीची आहे.

मी त्यांना मावशीचे ते डोळे दाखवले. म्हटलं, सांगा, असं क्रौर्य कुठे पाहिलंय? मास्तरांनी चष्मा लावला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, क्रौर्य कसलं गं पोरी, तिची तंतरलीय. मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, बाई मान झटकायला विसरल्या. हात बसला. दिग्दर्शक कट म्हणेना. मला समोर गालही दिसत नव्हता, नुसतं कार्ड दिसत होतं.

मला हे पटत नाही. कलावंताला स्वतःची कला कळत नसते, म्हणून तर समीक्षक लागतात.

मास्तर जाताना म्हणाले, उद्या फक्त मेकअप होता म्हण, बाकी मी बघतो. एक पाऊल पुढे जाऊन परत वळले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, आणि हिला आणू नकोस.

मी जाणार आहे. भाषण तयार आहे.

२५ फेब्रुवारी

सगळं इथे नीट लिहून ठेवते, कारण माझी बाजू कुणी विचारणार नाही.

हॉल फायटरांनी भरलेला. कुणाचं नाक वाकडं, कुणाचा कान अर्धा. अध्यक्षांनी विचारलं, हात लागला होता का? मावशी म्हणाली, नाही, गालावरचा मेकअप होता. डोळ्यात डोळे घालून म्हणाली. मग अध्यक्षांनी नायिकेचा निरोप वाचला. तिनेही तेच कळवलं होतं. हात लागला नाही, मान मी वेळेवर झटकली, गाल मेकअपने रंगवला. अध्यक्ष म्हणाले, दोघी एकच सांगतात, विषय संपला, चहा घ्या.

चहा घ्या! माझ्या मावशीचं आयुष्यातलं सर्वोत्तम काम मेकअपच्या नावावर लावून चहा घ्या!

मी खुर्चीवर चढले. म्हणाले, हे खोटं आहे. हात लागला होता आणि लागायलाच हवा होता. मावशीने माझ्यासमोर कबूल केलंय. मास्तरही साक्षीला आहेत. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. तो मात्र लागला.

मग दंगल. अर्धे म्हणत होते कार्ड काढा, अर्धे म्हणत होते पोरीला काढा. खुर्च्या उडाल्या, टेबलं उलटली, एकाने दुसऱ्याला उचलून तिसऱ्यावर आपटलं. पण सगळे सवयीने अंतर ठेवून मारत होते. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. मला मात्र लागलं. मला मान झटकायची सवय नाही.

शेवटी कार्ड काढलं. कायमचं. मावशीने ते पाकिटातून स्वतः काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचा तिचा फोटो मी कधी पाहिला नव्हता. माझ्याच वयाची होती.

कुणी भाषणाबद्दल काही बोललं नाही.

२७ फेब्रुवारी

गाल सुजलाय. एक डोळा बंद. मावशीने बर्फ आणून दिला. मी विचारलं, दुसऱ्या एखाद्या संघटनेत... तिने माझ्याकडे पाहिलं. मी बर्फ लावला.

२ मार्च

नायिका टीव्हीवर. साधी साडी, मेकअप नाही, किंवा नसल्यासारखा. म्हणाली, हो, त्या दिवशी मला खरंच मार बसला. पण ती गरीब बाई आहे, तिचं काम जाऊ नये म्हणून इतके दिवस मी सहन केलं. मी तिला तेव्हाच माफ केलंय. मग खालचा ओठ थोडा थरथरला. थोडाच. एक थेंब डोळ्याच्या कडेला येऊन थांबला आणि वाक्य संपल्यावर खाली आला.

खोटं आहे हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरी मी रडले. उघड्या डोळ्यातून आणि बंद डोळ्यातूनही.

मावशी टीव्हीकडे बघत म्हणाली, आता येतंय हिला.

मग म्हणाली, हात लागला नाही, हे मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. मास्तरांना, संघटनेला, तुझ्या आईला. रोज. एकालाही शंका आली नाही. मला एवढं एकच काम नीट जमलं होतं गं.

मी पेन शोधायला उठले. मग बसले.

४ मार्च

मावशीला काम मिळालं. कपड्यांच्या मोठ्या दुकानात, दारावर. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसायचं आणि या म्हणायचं. उद्यापासून.

संध्याकाळभर आरशासमोर सराव करत होती. हसायची, थांबायची, परत हसायची. आई आतून म्हणाली, दात कमी दाखव, गिऱ्हाईक पळून जाईल. मावशीने दात कमी केले. भुवया अजून नीट उगवलेल्या नाहीत.

मी दारात उभी होते. आरशातूनच माझ्याकडे बघून तिने विचारलं, कसं दिसतंय?

मी आईच्या डब्यातली भुवयांची पेन्सिल शोधून तिच्या हातात दिली.