उलट्या पदराच्या नायिका

बाबा,

आज दुपारी एका मुलीने मला तुमच्याबद्दल विचारलं आणि मी सांगितलं, असा कोणी माणूस माझ्या माहितीत नाही. इथे सिंगापुरात, यिशुनला, माझ्या ब्लॉकच्या खाली कॉफीशॉप आहे, तिथे बोलावलं होतं मी तिला. घरी नको म्हटलं. पंख्याखालचं टेबल धरून बसले, तर कॉफीवाला लांबूनच ओरडला, "आंटी, कोपी-ओ कोसोंग, सेम सेम आह?" म्हणजे माझी नेहमीची, काळी आणि बिनसाखरेची. त्याला माझी कॉफी माहीत आहे, नाव माहीत नाही. इतकी वर्षं इथे राहून मला हेच आवडत आलंय. मुलगी नागपूरकडची, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. आणि विषय काय घेतलाय म्हणाल, तर जुनी प्रेमाची चित्रपुस्तकं आणि ती काढणारे बिननावाचे लोक. अशा विषयावर माणसं परदेशात येऊन काम करतात, हे ऐकून तुम्ही किती हुरळला असता ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला तिचा राग आला.

तिने पिशवीतून एकेक अंक काढून टेबलावर मांडला. मी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती, कारण त्यातलं पानन्‌पान आपल्या स्वयंपाकघरात तयार झालेलं. तुम्ही ओट्यापाशी खिडकीत बसलेले आहात, कारण घरात उजेड तेवढाच. प्रकाशकाने रद्दीतून गोळा केलेली परदेशी प्रेमाची पुस्तकं शेजारी पडली आहेत. तुम्ही त्यातल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवता, रडणाऱ्या गोऱ्या बाईला गिरवता, गिरवतानाच फ्रॉकची साडी करता, भुऱ्या केसांची काळी वेणी करता, कपाळावर कुंकू ठेवता. दोघं ओठाला ओठ लावून उभी असतील तर मधे शेवंतीची कुंडी येते. मग तो कागद जाड कागदावर पालथा टाकून आमटीच्या पळीच्या पाठीने खसाखसा घासता, की शिसं खाली उतरतं. पालथा टाकल्यामुळे चित्र उलटं उमटायचं. नायिका डावखुऱ्या व्हायच्या आणि सगळ्यांचा पदर उजव्या खांद्यावर. आई दर वेळी म्हणायची, "अहो, सगळ्या गुजरातणी केल्यात की!" आणि पळी तीनतीनदा घासून आमटीत घालायची. तुम्ही हसायचात. प्रकाशकाला तर उलटंच हवं होतं, मूळ कुठलं ते कुणाला कळू नये म्हणून. तुम्हाला पुढच्या वेळी लक्षात ठेवून पदर आधीच दुसऱ्या खांद्यावर टाकता आला असता. पण हात सवयीने तिकडेच जायचा.

त्या परदेशी पुस्तकांवरही काढणाऱ्याचं नाव नसायचं. तरी तुम्ही त्यांचे हात ओळखायचात. एकाला तुम्ही पावसावाला म्हणायचात, कारण त्याच्या गोष्टीत निरोपाच्या वेळी पाऊस हमखास. एकदा वर्षभर त्याचं काही आलं नाही, तर तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "पावसावाला गेला वाटतं." आणि ताटावरून उठलात. सातासमुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी तुमचा घास अडला. मी शेजारीच बसले होते, बाबा. त्याच आठवड्यात तुम्ही मला पुन्हा एकदा छापलं होतं.

ती मुलगी आज म्हणाली, "काकू, हे बघा ना. नायिका सगळ्या ट्रेस केलेल्या आहेत, मी ओरिजिनल शोधून काढलेत. पण ही एक मुलगी कुठल्याच ओरिजिनलमध्ये नाही. चष्मा, दात पुढे. आणि ती वर्षागणिक मोठी होत जाते. म्हणजे कुणीतरी खरी असणार, नाही?" नायिकेची मैत्रीण. ती येते, नायिकेचा हात धरते, म्हणते, "तू किती नशीबवान आहेस!" आणि पुढच्या चौकटीत नसते. प्रत्येक अंकात एवढंच तिचं काम. माझा चष्मा, माझे दात, माझ्या वेणीची विस्कटलेली शेपटी. शाळेत आमच्या वर्गात ते अंक बाकाखालून फिरायचे. ती चित्रं तुमची म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, पण चेहरा काही झाकता येत नाही. मधल्या सुट्टीत सहा-सात जणी मला घेरून उभ्या राहायच्या, एकीने दुसरीचा हात धरायचा आणि माझ्याकडे बघत सगळ्यांनी सुरात म्हणायचं, "तू किती नशीबवान आहेस!" मी रडत घरी आले, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सुंदर बायका गिरवता येतात गं. तू नसतीस तर मला चित्रकार कोण म्हणालं असतं?" हे तुम्ही कौतुकाने म्हणालात असं आई शेवटपर्यंत सांगत राहिली.

आणि ते कांदेपोह्यांचं. पाहुणे समोर बसलेत, मी ओठ मिटून बशा फिरवतेय, आणि मुलाच्या मामाने नाक मुरडलेलं तुम्हाला दिसलं. तुम्ही मोठ्याने हसून म्हणालात, "नाहीच जमलं, तर मी चित्रात लावून देईन हिचं लग्न." सगळे हसले. मामा तर चहा सांडेपर्यंत हसला. मी त्या दिवसानंतर कुणासमोर बशी नेली नाही, तुमचा एकही अंक उघडला नाही, आणि नोकरी मिळताच इकडे निघून आले. पुढे तुमचं काम बंद पडलं होतं ते प्रकाशकाने धंदा गुंडाळला म्हणून, असं तुम्ही सांगितलं होतंत. तेव्हा फोनवर मी म्हणाले होते, "बरं झालं, पळी तरी सुटली." शेवटी दवाखान्यात भेटायला आले, तिथेही मी सोडलं नाही तुम्हाला. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "कुणी विचारलं तर सांग, ती चित्रं माझी होती." दुसरं काही मागितलं नाहीत. मी मनगट सोडवून घेत म्हणाले, "कोण विचारणार आहे, बाबा? आणि तुमची कसली? दुसऱ्यांची गिरवलेली." तुम्ही कूस बदललीत. भिंतीकडे तोंड केलंत ते तसेच गेलात.

तर आज विचारलं कुणीतरी. प्रकाशकाच्या मुलाला तुमचं नाव आठवत नाही म्हणे, त्यांच्याकडे तुम्हाला नुसतं आर्टिस्ट म्हणायचे. आर्टिस्टच्या घरचं त्याला एवढंच आठवतं, की आर्टिस्टची मुलगी सिंगापूरला गेली. म्हणून ही पोरगी माझ्या वयाच्या मराठी बायका शोधत हिंडतेय. तिचं पुस्तक छापायला चाललंय आणि तिला एक नाव हवंय. मग तिने शेवटचा अंक काढला. हा मी कधीच पाहिलेला नव्हता. "हा एकच वेगळा आहे," ती म्हणाली, "ह्यात ती चष्मेवालीच नायिका आहे. आणि इथे पदर एकदम बरोबर आहे, डाव्या खांद्यावर. का, ते मला कळत नाही. ह्याच अंकावरून वाचकांच्या तक्रारी आल्या, असली नायिका नको म्हणून, आणि त्यांचं काम काढून घेतलं." पदर बरोबर का होता ते मला बघताक्षणी कळलं. ते पान कुणाचं गिरवलेलं नव्हतं, पालथं घातलेलं नव्हतं, पळीने घासलेलं नव्हतं. सरळ कागदावर, मनाने काढलेलं. अंतरपाट खाली आलाय आणि मी हसतेय. दात लपवलेले नाहीत, चष्मा काढलेला नाही. बाजूला ती सगळी सुंदर नायिका मंडळी उभी, आणि त्यातली एक म्हणतेय, "तू किती नशीबवान आहेस!"

तुम्ही शब्द पाळला होता, बाबा. त्यापायी हातातलं काम गेलं आणि घरात चकार शब्द काढला नाहीत. पण ही माफी होती की तीच थट्टा पुन्हा एकदा, हे मला तिथे बसून कळेना, अजूनही कळत नाही. आणि माफी असेल तर ती माझ्या हातात का नाही दिलीत? दुकानात टांगलीत, जिथे मी फिरकणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. माझं तर लग्न त्या एका पानावरच झालं. मला इतका संताप आला की कप खाली ठेवताना कॉफी बशीत सांडली.

मुलीने विचारलं, "काकू, कुणी आठवतं का? उजव्या खांद्याचे पदर बघून मला एकदा वाटलं होतं, गुजराती असतील." तिने आपणहून दार उघडून दिलं. मी म्हणाले, "असा कोणी माणूस माझ्या माहितीत नाही. गुजरातीच असणार. आमच्यात असा पदर कोण घेतं?" तिने ते वहीत लिहून घेतलं. मग त्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि ही?" मी म्हणाले, "असेल कुणीतरी शेजारपाजारची." ती बिचारी अंक गोळा करून एमआरटीच्या स्टेशनकडे गेली. तुम्ही मला बिननावाची दहा वर्षं छापलंत, आता पुस्तकात तुम्हीही बिननावाचे राहाल. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी फोन करणार नाही. हे पत्रही कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच.

एवढंच सांगायचं राहिलं. इथे आल्यावर पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे आंग मो किओच्या दवाखान्यात जाऊन दात सरळ करून घेतले, पुढे चष्माही गेला. त्या मुलीने माझ्याकडे दीड तास पाहिलं आणि तिला काही ओळखू आलं नाही. पण "असेल कुणीतरी" म्हणताना मी वरचा ओठ दातांवर ओढून घेतला होता, बशा फिरवताना घ्यायचे तसा. ती गेल्यावरसुद्धा बराच वेळ तो तसाच होता.