जिन्यातील चित्र काढावे

लालबाग, मंगळवार

ती. स्व. रखमाआक्कास धाकट्या शामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? वरळीच्या नव्या इमारतीची लिफ्ट चालू आहे ना? (बंद असेल तर बावीस मजले उतरू नकोस. फक्त रविवारी उतर. का, ते पुढे येईल.)

आक्का, आपण दोघं स्वयंशिक्षित कलावंत. तू गोधडीत, मी चित्रात. आणि आपल्या सगळ्या जमातीचं गाऱ्हाणं एकच आहे: शिकवायला कुणी आलं नाही, चुका दाखवायला मात्र अख्खी चाळ येते. (हे वाक्य सभेसाठी केलंय. आधी तुझ्यावर वापरून बघितलं.)

सगळी सुरुवात ग्रंथालयातून झाली. जन्मभर युनियनच्या सभांत मी ओरडून सांगत आलो की वाचा, पुस्तकासारखा गुरू नाही. मग त्र्याहत्तराव्या वर्षी चित्रकला शिकायची तर मी क्लास कोणत्या तोंडानं लावणार? तीन पुस्तकं आणली. पहिलं नुसतं धीर देणारं. त्यात दर पानावर लिहिलंय की तुमच्या आत एक कलावंत झोपलेला आहे. (माझ्या बाबतीत दुपारी दोन ते चार हे अगदी खरं आहे.) दुसरं शिकवणारं. डोकं म्हणजे अंडं, आधी अंडं काढा, बरोबर मध्यावर डोळे ठेवा, असं सोपं करून सांगणारं. त्यातलं हातांचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलंय, म्हणून माझी सगळी माणसं हात पाठीमागे घेऊन उभी असतात. पण घात केला तिसऱ्यानं. त्यात ठळक अक्षरांत होतं की कोऱ्या कागदाची वाट पाहू नका, समोर दिसेल त्या रिकाम्या जागेवर आजच सुरुवात करा. मी पुस्तकातून मान वर केली तर समोर आपल्या चाळीचा जिना, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर नुकताच पांढरा रंग दिलेली भिंत.

तिथे मी तुला काढलं. दुसरं कोण काढणार? खोलीत उजेड नव्हता म्हणून तू त्याच वळणावर बसून गोधड्या शिवायचीस, आणि मी खालच्या पायरीवरून तुला मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायचो. तू दोरा तोंडात धरून म्हणायचीस, "शाम्या, ऐकू येत नाय, जोरात वाच." माझं पुढचं सगळं वक्तृत्व त्या एका वाक्यातून आलंय. तुझा त्या वयातला एकही फोटो नाही. म्हणून म्हटलं, निदान भिंतीवर तरी असावीस.

चार दिवसांनी सोसायटीची नोटीस आली. 'जिन्यातील चित्र आठ दिवसांत स्वखर्चाने काढावे.' आक्का, खोटं नाही सांगत, डोळे भरून आले. पुस्तकात लिहिलंच होतं की जग एक दिवस तुमच्या दारात येईल. स्वखर्चाने हा शब्द जरा खटकला, पण कलावंताची उपेक्षा ही काही आजची गोष्ट नाही. मी सेक्रेटरींना आभाराचं पत्र पाठवलं आणि आठ दिवस दिलेले असताना पाचच दिवसांत दुसऱ्या मजल्यावर एक दणदणीत चित्र काढलं. लगेच दुसरी नोटीस. 'दोन्ही चित्रे ताबडतोब काढावीत.' म्हटलं, मागणी वाढतेय. आणखी दोन काढली.

आता जिन्यात चार माणसं आहेत, चौघांचेही हात मागे. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं की यांना पोलिसांनी कशासाठी धरलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या जसिंताबाईंनी तुझ्यासमोर मेणबत्ती लावली. कोणता संत, हे विचारलं नाही. सगळेच चांगले असतात म्हणाल्या.

शेवटी सेक्रेटरी स्वतः आले. सेक्रेटरी म्हणजे हर्षवर्धन, तिसऱ्या मजल्यावरचा, ज्याला मी लहानपणी भाषणं लिहून द्यायचो. दारातच म्हणाला, "आजोबा, काढा म्हणजे पुसा."

"मग पुसा लिहायचं," मी म्हटलं. "डॉक्टर दात काढतो आणि तूही आता दात काढतोयस. दोन्ही एकच का?"

त्यानं दात आत घेतले. मग मी दारातच पाऊण तास मराठी क्रियापद, भिंतीची मालकी आणि श्रमिकांचा कलेवरचा हक्क यांवर बोललो. बोलणं संपलं तेव्हा तो खालच्या पायरीवर बसला होता. तिथूनच त्यानं तोड काढली. वरची तीन पुसायची. पहिलं कुणाचं आहे हे रविवारच्या सभेत एका माणसानं जरी ओळखून सांगितलं तरी ते राहील. नाहीतर सभा संपताच चुना.

तो गेल्यावर मी चाचपणी केली. दूधवाला म्हणाला, आपला जुना वॉचमन. अक्षदानं, माझ्या सख्ख्या नातीनं, खूप वेळ बघून हळूच विचारलं, "आजोबा, हे तुम्हीच ना?"

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. तू दिलेलं कोकमाचं आगळ संपलं.

तुझा,
शाम

ता. क. सोबत चित्राचा फोटो पाठवतोय. येताना आरशात बघू नकोस, फोटोत बघ. हिरवं लुगडं नेस. डाव्या कानात कुडी घालू नकोस, चित्रात डावा कान नाही. भिवया जरा वर चढवून ठेव. हात मागे.

ता. क. दोन. अंडं मी प्रामाणिकपणे काढलं होतं. मिशीसारखं जे दिसतंय ती मिशी नाही, तो तुझ्या तोंडातला दोरा आहे. कुणी विचारलं तर ठणकावून सांग.

ता. क. तीन. आक्का, रविवारी सकाळी दहाला ये, वळणावर उभी राहा आणि चित्राकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर एवढंच म्हण: ही मी. चष्मा घरी ठेवून ये.