सुदामभाऊजी प्रार्थनेला आले

मंगळवार, निमगाव सावा, १९९८

आज संध्याकाळी आमच्या घरच्या प्रार्थनेला सुदामभाऊजी आले. माझे धाकटे दीर. मी ख्रिस्ती झाले म्हणून ज्यांनी इतकी वर्षं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, ते! दाराशीच बसले, चपला मांडीजवळ घेऊन. चपला जवळ का? सगळं बघून निघायचं आणि गावभर हसायचं, असंच ना?

सकाळीच बायबलमध्ये वाचलं होतं. हनन्या घाबरला होता, तरी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलावर त्यानं प्रार्थनेसाठी हात ठेवला. वाचताना किती सोपं वाटलं!

शेवटी विचारलंच, "भाऊजी, खरं सांगा, कशाला आलात?"

"वैनी, मंगल नारायणगावला दवाखान्यात हाय. उद्या आपरेशन. आमच्या देवाला सांगून झालं, तुमच्या देवाला बी सांगा."

म्हणजे बायकोसाठी आले. की हेही निमित्तच? पुन्हा त्या चपलांकडेच नजर जात होती.

तरी उठले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मंगलसाठी प्रार्थना केली. पण मधेच डोळे उघडून पाहिलं, त्यांचे हुंदके खरे आहेत का म्हणून.

खरे होते.