ट्यूब की गोळी

शारजा, ६ जानेवारी
पुढच्या महिन्यात सुट्टी. गावी, थळला. आयने किहीमची पूनम बघून ठेवलीय. पाठवलेल्या फोटोत माझं तोंड एकदम साफ, ते मोबाईलने केलंय. खऱ्या तोंडावर पुळ्या. आजपासून ट्रीटमेंट. शिस्तीत.

७ जानेवारी
डॉक्टर म्हणाला, तुझ्या थोड्याच हायेत, ट्यूब लाव, दोन-तीन महिने धीर धर. रूममेट रितेशला मात्र गोळ्या, त्याच्या पाठभर आहेत म्हणून. त्याला वर सांगितलं, गोळी चालू असताना उन्हात बसू नको.

११ जानेवारी
ट्यूब नियमित लावतोय. एकदा विसरलो. दोनदा झोप आली. फरक शून्य. बोटीला बाहेरून रंग मारून आतली गळती थांबते का? औषध पोटातूनच पाहिजे.

१२ जानेवारी
रितेशकडे निम्म्या गोळ्या मागितल्या. म्हणाला, दुसऱ्याचं औषध घेतात का, येड्या? तो झोपल्यावर घेतल्या. त्यांच्या जागी माझी ट्यूब ठेवली. अदलाबदल, चोरी नव्हे.

२० जानेवारी
पुळ्या बसल्यासारख्या वाटतात. स्पीड वाढवायला आयडिया काढली. आय बोंबील पालटून पालटून उन्हात सुकवते. पुळीतही ओलंच असतं. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टगच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या, डेकवर आडवा झालो. आधी डावा गाल, मग उजवा. ऊन बाधतं ऑफिसवाल्यांना, कोळ्याच्या पोराला नाही.

२३ जानेवारी
तोंड गरम. औषध लागू पडतंय.

२६ जानेवारी
नाकाची साल निघाली. खाली नवीन नाक असणार. रितेश म्हणतो, भाजलेला बांगडा दिसतोस. माझी प्रगती त्याला बघवत नाही.

थळ, ५ फेब्रुवारी
आय दारातच ओरडली, मेल्या, बोटीवर हायस का भट्टीत?

८ फेब्रुवारी
किहीमला जाऊन आलो. पूनम अलिबागला मेडिकलमध्ये कामाला, हे मला कोणी बोललंच नव्हतं. पोह्यांची बशी ठेवता ठेवताच तिने विचारलं, डॉक्सीच्या गोळ्या खाऊन उन्हात बसलात ना? कोणाच्या चिठ्ठीवर? मी सगळं खरं सांगितलं. प्रामाणिक मुलगा कोणालाही आवडतो. म्हणाली, तुम्हाला ट्यूब पुरली असती, नीट लावली असती तर. पूर्ण वेळ माझ्याच तब्येतीची चौकशी! होकार पक्का.

१० फेब्रुवारी
मध्यस्थ अंबाजीकाका निरोप घेऊन आले. पूनम म्हणते, तोंडाचं काय न्हाय, ते उतरंल. पण सांगितलेलं ऐकत न्हाय, त्याला औषध आमच्या दुकानात न्हाय.
आयने बोंबलांच्या राखणीला बसवलंय, छत्री देऊन. कावळे माझं तोंड बघून लांबूनच परततात. आय म्हणते, एवढी चांगली राखण आजवर कोणी केली नव्हती.